बळ काढ्याचं, ओळख लसीची

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आमचा माणदेश बेभरवशाच्या पावसाचा. आटपाडी तालुक्यात पाऊस मनासारखा झाला तर लोक त्या वर्षाची पुढं कितीतरी दिवस आठवण काढतात. अशा मुलखात बाईमाणसाच्या हाती स्वतःचा म्हणावा असा पैसा येतो तो दोन वाटांनी. एक शेळी, दुसरी कोंबडी. जमीन नवऱ्याच्या नावावर, डाळिंबाचा पैसा औषधफवारणीच्या उधारीत, दुधाचा पैसा पेंडीत. अंड्याच्या पैशाचा हिशेब मात्र तिला कोणी विचारत नाही. पोराची वही, पोरीच्या बांगड्या, लेकीच्या घरी जाताना एस. टी. चं तिकीट, हे सगळं त्यातून निघतं. म्हणून मानमोडीचा रोग गावात शिरला आणि खुराडं रिकामं झालं, की नुसत्या कोंबड्या जात नाहीत. एका बाईचं बचतखातं बुडतं.

माझ्या थोरल्या बहिणीचं असंच झालं. आम्ही तिला आपा म्हणतो. २०१९ चा उन्हाळा. दुष्काळाचं साल. तालुक्यात जनावरांच्या छावण्या उघडल्या होत्या. आपानं आदल्या हिवाळ्यात सुधारित जातीची साठ पिल्लं आणली होती. तलंगा अंड्यावर आल्या की जूनमध्ये धाकट्या मुलीची कॉलेजची फी भरायची, असा तिचा हिशेब. पिल्लं लहान असतानाच दारावर एक विक्रेता आला. त्याच्याकडं बाटली होती. बाटलीवर तुळस, हळद, आवळा, अश्वगंधा यांची चित्रं. तो म्हणाला, "हे पाण्यातून पाजा. प्रतिकारशक्ती इतकी वाढते की लसीची गरज नाही. लसीनं उलट पिल्लं दबतात."

आपाचा विश्वास बसला. कारण आमची अम्मा पण कोंबड्या मलूल झाल्या की ठेचलेला लसूण आणि हळद घालून भाकरीचे गोळे चारायची. बाटलीत तेच आहे, फक्त शहरात तयार झालेलं, असं आपाला वाटलं. मे महिन्यात हिरवट हगवण सुरू झाली. पक्षी चोच उघडून धापा टाकू लागले, मग माना पिरगळल्या. सहा दिवसांत साठांतल्या आठ उरल्या. फीसाठी शेळी विकावी लागली.

मी भेटायला गेलो तेव्हा आपानं एकच प्रश्न विचारला. "तू एवढं लिहितोस, वाचतोस. मग सांग, हळद खोटी का?"

मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. शास्त्राचा विद्यार्थी नव्हे. तरी त्या प्रश्नानं मला पशुवैद्यक डॉक्टरांच्या दारात नेलं, पुस्तकं चाळायला लावली. जे समजलं ते आज तुमच्यापुढं मांडतो.

शरीराचं खवट होणं

डब्यात फार दिवस राहिलेले शेंगदाणे खवट होतात. चिरलेलं वांगं उघड्यावर काळं पडतं. विळा पावसात राहिला तर गंजतो. तिन्ही ठिकाणी करणी एकाचीच, हवेतल्या ऑक्सिजनची. याला ऑक्सिडीकरण म्हणतात. चिरलेल्या सफरचंदावर लिंबू पिळलं की ते काळं पडत नाही, कारण लिंबातलं क जीवनसत्त्व ऑक्सिजनचा मारा आपल्यावर घेतं. असा मारा अडवणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणायचं.

जिवंत शरीरातही हे चाललेलं असतं. पेशी अन्न जाळून ऊर्जा काढते. चुलीत लाकूड जळताना ठिणग्या उडाव्यात तसे त्या जळण्यातून काही अस्थिर, चिडखोर रेणू बाहेर पडतात. त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. पेशीभोवतीचा पडदा स्निग्ध पदार्थाचा बनलेला. ठिणगी तिथं पडली की तो खवट होऊ लागतो. त्याला सावरायला शरीराजवळ ई जीवनसत्त्व, क जीवनसत्त्व आणि सेलेनियमवर चालणारी काही विकरं असतात. ठिणग्या आणि पाणी मारणारे यांचा मेळ बसला की सगळं ठीक. ठिणग्या फार झाल्या की शरीर आतून झिजतं.

पण ठिणगी ही सर्वस्वी वाईट, असंही समजू नका. रोगजंतू आत शिरला की संरक्षक पेशी याच चिडखोर रेणूंचा मारा करून त्याला मारतात. जाळ चुलीत असला तर भाकरी भाजते, छपरावर गेला तर घर जळतं. अँटिऑक्सिडंटचं काम चूल विझवायचं नाही, जाळ छपरावर जाऊ द्यायचा नाही, एवढंच.

आता माणदेशातला उन्हाळा आणि कोंबडी यांचा विचार करा. कोंबडीच्या अंगाची उष्णता मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस. तिला घामाच्या ग्रंथी नाहीत. वर पिसांची गोधडी. पारा बत्तीसच्या वर गेला की ती कासावीस होते, आणि आमच्याकडं तो चाळीस गाठतो. मग ती पंख पसरून, चोच उघडून धापा टाकते. त्या धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको तितका बाहेर जातो आणि अंड्याचं कवच बनण्यात अडथळा येतो. उन्हाळ्यात अंडी पातळ कवचाची का येतात, याचं हे एक मोठं कारण. त्याच वेळी पेशींतल्या ठिणग्या वाढतात. कोंबडी माणसासारखी नाही, ती क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करते. पण तापलेल्या दिवसांत ते पुरेनासं होतं. त्यात उन्हाच्या ताणानं कॉर्टिकोस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढतं आणि त्यामुळं रोगाशी लढणारे अवयव आकसतात. म्हणजे ऊन एकटं येत नाही, रोगाला दार उघडून देतं.

झाडाला सावलीत जाता येत नाही

इथं वनस्पतींचा संबंध येतो. माणूस उन्हातून उठून सावलीत बसतो, शेळी बांधाच्या आडोशाला जाते. झाडाला हलता येत नाही. भर उन्हात उभं राहून त्याला स्वतःचं रक्षण करावं लागतं. त्यासाठी ते पानांत, सालीत, मुळांत नाना रंगद्रव्यं आणि तुरट-कडू-उग्र द्रव्यं तयार करतं. कीड खाऊ नये, बुरशी लागू नये, उन्हानं पेशी करपू नयेत, हा त्यांचा उपयोग. त्यांतली पुष्कळ द्रव्यं अँटिऑक्सिडंट असतात. आपण किंवा कोंबडी ते खाते तेव्हा झाडाच्या या शिदोरीतला घास उचलते.

आपल्या भागातलीच उदाहरणं घेऊ. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीचा पिवळेपणा ज्याचा, त्या कुरक्युमिनचं प्रमाण हळदीत शेकडा दोन ते पाचच्या आसपास असतं. ओव्यात थायमॉल असतं. ते जंतूंना आवर घालतं आणि स्निग्ध पदार्थ खवट होऊ देत नाही. तुळशीत आणि लवंगेत युजेनॉल. आवळ्यात क जीवनसत्त्व आणि त्याच्या जोडीला टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारी द्रव्यं. अश्वगंधेच्या मुळात विथॅनोलाइड. लसूण ठेचला की त्यात ॲलिसिन तयार होतं, पण ते फार वेळ टिकत नाही. म्हणून अम्मा लसूण आयत्या वेळी ठेचायची, त्यात शहाणपण होतं.

शेवगा तर माणदेशाच्या बांधाबांधावर आहे. त्याच्या वाळलेल्या पाल्यात प्रथिनं भरपूर, शिवाय ई जीवनसत्त्व आणि कॅरोटिन. झेंडूच्या पाकळ्यांतल्या रंगद्रव्याचा अर्क तर व्यापारी कोंबडीखाद्यात फार पूर्वीपासून घालतात. अंड्याचा बलक त्यानं पिवळाधमक होतो.

आणि डाळिंब. आटपाडीचं नाव ज्यानं दूरवर नेलं ते फळ. आपण दाणे खातो आणि साल टाकून देतो. पण अँटिऑक्सिडंटचा मोठा साठा त्या सालीत आहे, दाण्याच्या रसापेक्षाही जास्त. प्युनिकॅलॅजिन हे त्यातलं मुख्य द्रव्य. सालीची पूड किंवा अर्क थोड्या प्रमाणात खाऊ घातलेल्या ब्रॉयलर कोंबड्यांचं मांस साठवणीत लवकर खवट होत नाही, असं देशोदेशीच्या प्रयोगांत दिसलं आहे. उन्हाचा ताण असताना हळद, आवळा, अश्वगंधा यांचा कोंबड्यांना फायदा झाल्याचेही प्रयोग आहेत.

म्हणजे आपाच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळालं. हळद खोटी नाही.

औषधाच्या डब्यापासून झाडाकडं

ही माहिती आजीबाईच्या बटव्यात शतकानुशतकं होती. मग मोठ्या कोंबडी-उद्योगाला ती अलीकडं का आठवली? त्यालाही इतिहास आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत असं आढळलं की ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार करताना उरलेला चोथा पिल्लांना चारला तर ती झपाट्यानं वाढतात. तेव्हापासून निरोगी पक्ष्यांनाही खाद्यातून थोडं थोडं प्रतिजैविक देण्याची रीत जगभर पसरली. वजन वाढलं, भाव उतरला. पण जंतू शिकले. रोज थोडा मार खाऊन ते निबर झाले आणि माणसाच्या आजारातही तीच औषधं चालेनाशी होऊ लागली.

स्वीडननं १९८६ मध्येच ही रीत बंद केली. युरोपीय संघानं १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविकं चारायला पूर्ण बंदी घातली. आपल्याकडं माणसाच्या गंभीर आजारात अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं कोलिस्टिन हे औषध जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारनं खाद्य देणाऱ्या प्राणी-पक्ष्यांसाठी बंद केलं. डबा बाजूला ठेवायचा तर त्याच्या जागी काय, या शोधात उद्योग पुन्हा ओवा, हळद, लसूण यांच्याकडं वळला. हे वळण चांगलंच आहे. पण वळणावर गर्दी झाली की खिसेकापूही येतात.

कोंबडीनंच शिकवलेला धडा

उत्तराचा दुसरा अर्धा भाग समजण्यासाठी प्रतिकारशक्ती म्हणजे काय ते पाहावं लागेल. आणि गंमत अशी की हे ज्ञान माणसाला बऱ्याच अंशी कोंबडीनंच दिलं आहे.

१८७९ मध्ये फ्रान्समध्ये लुई पाश्चर कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करत होते. बरेच दिवस तसंच राहून दुबळं झालेलं जंतूंचं मिश्रण कोंबड्यांना टोचलं गेलं. त्या मेल्या नाहीत. पुढं ताजे, जहाल जंतू टोचले तरी त्या टिकल्या. प्रयोगशाळेत दुबळ्या केलेल्या जंतूंची लस या विचाराची ती सुरुवात.

दुसरी गोष्ट आणखी मजेची. कोंबडीच्या गुदद्वाराजवळ आतल्या बाजूला एक छोटी पिशवी असते. इटलीच्या फॅब्रिशियस या शरीरशास्त्रज्ञानं चारशे वर्षांपूर्वी तिचं वर्णन केलं, म्हणून तिला बर्सा ऑफ फॅब्रिशियस म्हणतात. ती कशासाठी असते हे कोणाला ठाऊक नव्हतं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक या तरुण संशोधकानं काही कोंबड्यांची ही पिशवी काढून टाकली होती. त्याच्या टिमोथी चँग नावाच्या मित्राला वर्गात दाखवण्यासाठी कोंबड्या हव्या होत्या. त्यानं नेमक्या त्याच नेल्या. जंतू टोचल्यावर रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे रोगाला ओळखून पकडणारी प्रथिनं, तयार होतात हे त्याला दाखवायचं होतं. ती तयारच झाली नाहीत! १९५६ मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींची शाळा या पिशवीत भरते हे पुढं स्पष्ट झालं. माणसाच्या रक्तातल्या त्या पेशींना आजही 'बी' पेशी म्हणतात. तो 'बी' बर्सामधला.

यातून जो धडा निघतो तो असा. शरीराच्या संरक्षणाला दोन गोष्टी लागतात. एक बळ, दुसरी ओळख. बळ म्हणजे पेशी धडधाकट असणं, आतड्याचं अस्तर शाबूत असणं, काळीज नीट चालणं. ओळख म्हणजे हा अमुक रोगाचा विषाणू आहे हे आधीच ठाऊक असणं. पहारेकरी पैलवान असला, पण चोर कसा दिसतो हे त्याला माहीत नसेल, तर चोर त्याच्यासमोरून राम राम घालून आत जातो.

हळद, आवळा, शेवगा बळ देतात. ओळख देऊ शकत नाहीत. ओळख दोनच गोष्टी देतात. एक प्रत्यक्ष रोग, पण मानमोडीत ओळख पटेपर्यंत पक्षी उरत नाही. दुसरी लस.

मानमोडी म्हणजे राणीखेत. हा विषाणू १९२६ मध्ये जावा बेटात आणि इंग्लंडातल्या न्यूकॅसलला नोंदला गेला, १९२७ मध्ये आपल्याकडं कुमाऊंतल्या राणीखेतला. त्यावर उपचार म्हणावं असं औषध आजही नाही. लस मात्र आहे आणि स्वस्त आहे. पुण्याची सरकारी पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था राणीखेतची लस तयार करते.

अश्वगंधा, तुळस अशा वनस्पतींनी प्रतिपिंडं वाढली असे जे प्रयोग आहेत, त्यांत बहुतेक ठिकाणी पक्ष्यांना आधी लस दिलेली होती. वनस्पतीनं लसीचं काम जोरकस केलं. लसीच्या जागी ती उभी राहिली नाही. बाटलीवाल्यानं प्रयोगाचा हा अर्धा भाग आपल्या सोयीनं गाळला होता.

आजोबांची नजर

आमचं घर मुलाण्याचं. गावच्या जत्रेत, देवाच्या नवसाला कोंबड्यावर सुरी फिरवायचं काम माझ्या आजोबांकडं. पक्षी उघडला की ते आधी काळीज पाहायचे. गडद तांबडं, घट्ट असलं तर गप्प. फिकट पिवळं, बोटानं कुस्करणारं असलं तर यजमानाला विचारायचे, "दादा, तुमच्या शेंगा भिजल्यात का?" बहुतेक वेळा भिजलेल्याच असायच्या.

आजोबांना कारण ठाऊक नव्हतं. जगालाही ते १९६० पर्यंत ठाऊक नव्हतं. त्या वर्षी इंग्लंडात एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. शोध घेतला तेव्हा ब्राझीलहून आणलेल्या भुईमुगाच्या पेंडीत बुरशीचं विष सापडलं. त्याला अफ्लाटॉक्सिन नाव पडलं. ओलसर मका आणि शेंगांवर येणारी हिरवट बुरशी हे विष तयार करते. ते काळीज खातं, प्रतिकारशक्ती खच्ची करतं आणि दिलेली लसही नीट लागू देत नाही. हळदीनं या विषाचा घाव काही अंशी कमी होतो असं प्रयोग सांगतात. पण म्हणून बुरशीची मका चारून वर हळद टाकणं, म्हणजे विहिरीत ढकलून दोर सोडण्यासारखं आहे. मका उन्हात खडखडीत वाळवा. बुरशीचा वास येत असेल तर टाकून द्या. कोणत्याही अर्कापेक्षा हा उपाय मोठा.

किती, कसं आणि काय टाळायचं

आता व्यवहाराचं बोलू. प्रयोगांत हळदीची पूड साधारणपणे किलोभर खाद्याला अडीच ते दहा ग्रॅम वापरलेली दिसते. दहा मोठ्या कोंबड्या दिवसाला किलो-सव्वा किलो खातात. म्हणजे दहा कोंबड्यांना मिळून चहाचा एक लहान चमचा हळद पुरे. हळद पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते. म्हणून ती पाण्यात टाकण्यापेक्षा भरड्यात, थोड्या तेलाच्या हातानं चोळून द्यावी. मिरीसोबत कुरक्युमिन शरीरात जास्त शोषलं जातं हे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये उंदीर आणि माणसांवर दाखवलं. चिमूटभर मिरी टाकायला हरकत नाही. हळद घरी दळलेली घ्या, रंग मिसळलेली सुटी पूड नको.

शेवग्याचा पाला सावलीत वाळवून खाद्यात शेकडा पाचच्या आत ठेवा. जास्त झाला तर चोथा वाढतो आणि वाढ खुंटते. कडुनिंबाचा अतिरेक केला तर कडवटपणामुळं कोंबडी खाद्यच सोडते.

डाळिंबाच्या सालीबाबत आमच्या तालुक्यानं जास्त सावध राहायला हवं. एक तर सालीत टॅनिन फार. ते खाद्यातल्या प्रथिनांना धरून ठेवतं, पचू देत नाही. दुसरं म्हणजे तेल्या रोगामुळं आपल्या बागांवर फवारण्यांवर फवारण्या होतात. ताम्रयुक्त औषधं, कीटकनाशकं, सगळं आधी सालीवरच बसतं. बागेत गळून पडलेली फळं गोळा करून त्यांची साल कोंबड्यांना घालणं म्हणजे औषधाच्या नावानं विष घालणं. फवारणी न केलेल्या परसातल्या झाडाची साल, तीही थोडी, एवढीच मोकळीक.

बाटली विकत घ्यायची असेल तर वनस्पतींची चित्रं पाहू नका, अक्षरं वाचा. कोणत्या वनस्पतीचा कोणता भाग, त्यात मुख्य द्रव्य किती, तयार केल्याची तारीख कोणती, मात्रा किती. पूड आणि अर्क यांत फरक असतो. अर्कात द्रव्य एकवटलेलं असतं, म्हणून मात्राही वेगळी. हे काही लिहिलेलं नसेल तर ते रंगीत पाणी समजा. आणि 'लसीची गरज नाही' असं कोणी म्हणाला तर त्याला अंगणातूनच परत पाठवा.

शिवाय काही उपाय फुकटचे आहेत. पत्र्यावर पाचट किंवा वैरण टाकायची, दुपारी गोणपाट ओलं करून लावायचं. माठातलं गार पाणी दिवसातून तीनचारदा बदलायचं. अन्न पचतानाही अंगात उष्णता होते, म्हणून खाद्य पहाटे आणि दिवस कलल्यावर द्यायचं, भर दुपारी नाही. अर्क जेवढं ऊन सोसायला मदत करेल, त्याहून जास्त ऊन ही सावली मुळातच अडवते.

दहा कोंबड्या आणि शंभर मात्रा

आता सगळ्यात अवघड प्रश्न. लस चांगली, स्वस्त, तर मग बायका ती देत का नाहीत? आळस हे कारण नाही. लसीची सर्वांत लहान कुपीसुद्धा बहुधा शंभर-दोनशे पक्ष्यांची असते. ती थंड ठेवावी लागते. एकदा पाण्यात कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, उरलेली फुकट. जिच्याकडं दहा कोंबड्या आहेत तिनं शंभरांची कुपी आणायची, बर्फात ठेवायची, आणि नव्वद मात्रा ओतून द्यायच्या? बाटलीवाला दारात येतो, कुपी तालुक्याला जाऊन आणावी लागते. बाटली जिंकते ती इथं.

आपानं यावर मार्ग काढला. तिनं गल्लीतल्या अकरा घरांतल्या बायकांना बोलावलं. कोणाकडं सात कोंबड्या, कोणाकडं पंधरा. बेरीज शंभराच्या पुढं गेली. सगळ्यांनी मिळून कुपी आणायची, एकाच पहाटे सगळी खुराडी करायची, असं ठरलं. पहाटे, कारण पक्षी आत असतात, पळत नाहीत आणि ऊनही नसतं. थर्मासमध्ये बर्फ, त्यात कुपी. भाची वही घेऊन मागं. कोणत्या घरी किती पक्षी, कोणती लस, पुढची तारीख कधी.

वेळापत्रक त्यांनी डॉक्टरांकडून लिहून घेतलं. पिल्लांना पाच ते सात दिवसांची असताना लासोटा लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरोची लस. हा रोग त्या बर्सा पिशवीवरच, म्हणजे शाळेवरच घाला घालतो, म्हणून ही चुकवायची नाही. चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा लासोटा. सहा ते आठ आठवडे झाले की कातडीखाली आर-टू-बी. शिवाय देवीची लस. भागानुसार यात थोडा बदल होतो, म्हणून आपापल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावं. लस पाण्यातून द्यायची असेल तर त्या पाण्यात ब्लीचिंग पावडर नको, कोणतं औषधही नको. नाहीतर लसच मरते.

आजारी पक्षी बाजारात न्यायचा नाही, मेलेला ओढ्यात फेकायचा नाही, चुना टाकून खोल पुरायचा. आणि एकदम बरेच पक्षी मेले तर दवाखान्यात कळवायचं. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा त्याची झळ साऱ्या राज्यातल्या कोंबडीवाल्यांना लागली. लपवून कोणाचंच भलं होत नाही.

आपा आजही भरड्यात हळद घालते. शेवग्याचा पाला वाळवते. कोंबड्या मलूल दिसल्या तर लसूण ठेचते, अम्मासारखा, आयत्या वेळी. मी तिला सांगितलं, "आपा, हळद खोटी नाही. हळदीच्या नावावर दिलेलं वचन खोटं होतं." ती म्हणाली, "ते आता वहीच सांगते."

वहीत गेल्या उन्हाळ्याचं पान आहे. अकरा घरांतल्या तीन कोंबड्या गेल्या. दोन मुंगसानं नेल्या, एक उन्हानं गेली. मानमोडीनं एकही नाही.